बगीच्यातली तार

सकाळी आठ वाजता आमच्या घराची बेल कुणी वाजवली, तर मी दार उघडत नाही. दूधवाल्याला हे माहीत आहे, धुण्याभांड्याच्या बाईंना माहीत आहे. नवऱ्याला तर इतकं माहीत आहे की तो चहाचा कपसुद्धा आवाज न करता माझ्यापुढे ठेवतो आणि पाय न वाजवता निघून जातो. कारण त्या वेळी मी गच्चीवरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली असते आणि माझे बाबा बोलत असतात. बाबा वरूडच्या पुढे, संत्र्याच्या बगीच्यात. मी अकोल्यात. मध्ये अख्खा अमरावती जिल्हा आडवा. यात मोबाइल नाही, इंटरनेट नाही. त्यांच्याकडे कडुलिंबाला बांधलेली एक तार, माझ्याकडे गच्चीवर बांधलेली एक तार, आणि वर आभाळ.

याला हॅम रेडिओ म्हणतात. हौशी लोकांचा बिनतारी संच. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा, मग आपल्याला एक कॉल साइन मिळते, म्हणजे हवेतलं आपलं नाव. पूर आला, वादळात मोबाइलचे टॉवर बंद पडले, की प्रशासन आम्हाला शोधत येतं. एरवी आम्ही एकमेकांना ‘माझा आवाज कसा येतोय’ एवढंच विचारत बसतो, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. तो अगदीच खोटं बोलत नाही.

मी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. तिथे मुलींना दाखवण्यासाठी म्हणून या नादाला लागले. मुली पास होऊन गेल्या, नाद माझ्याकडे राहिला. गच्चीवर अँटेनाची तार बांधली त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारणीने तिच्यावर दोन साड्या आणि एक चादर वाळत घातली. मी तिला इतकं बोलले की तिने पुढे वर्षभर मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. माझा स्वभाव तापट आहे. रेडिओला लागतो तो धीर मला फक्त रेडिओपुरता आहे, घरच्यांसाठी उरत नाही.

आई होती तोपर्यंत मी रोज सकाळी तिला फोन करायची. बगीच्यात नेटवर्क नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं तर दोन काड्या येतात. आई रोज आठ वाजता पदर खोचून टाकीच्या पायऱ्या चढायची आणि माझ्या फोनची वाट बघत उभी राहायची. आमचं बोलणं म्हणजे काय, दोडक्याची भाजी आणि उतू गेलेलं दूध. पण फोन ठेवायचा तिचा एक रिवाज होता. “ठेवू ना?” असं ती विचारायची. मी म्हणायची, “ठेव.” मग ती म्हणायची, “तू ठेव.” आणि मी ठेवला नाही तर पुन्हा, “ठेवू ना?” फोन आधी ठेवणं तिला समोरच्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं वाटायचं. आमच्याकडे पाहुणा उठल्यापासून फाटकाबाहेर जाईपर्यंत अर्धा तास लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आई गेली आणि बाबा बगीच्यात एकटे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, डावा गुडघा दुखरा, डोकं मात्र ठणठणीत. माझा धाकटा भाऊ पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. त्याने बाबांसाठी खोली तयार केली, रंग दिला, पलंग आणला. बाबा गेलेसुद्धा. आठ दिवस राहिले आणि परत आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काई नाई झालं. सगळं चांगलं हाय. पण खिडकीतून खाली पाह्यलं का माणसं वरून दिसते. माणूस असा वरून पाहायची चीज हाय का?”

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा बाबांचा फोन दोन दिवस लागला नाही. भाऊ रात्रभर गाडी चालवत पुण्याहून थेट बगीच्यात पोहोचला. बाबा विहिरीच्या काठावर बसून आरामात मुरमुरे खात होते. टॉवर बंद होता, एवढंच. पण भावाने त्या दोन दिवसांत काय काय पाहून घेतलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. तो माझ्याकडे अकोल्याला आला आणि म्हणाला, “ताई, आता बस. दिवाळी झाली की बाबा माझ्याकडे. बगीचा मक्त्याने देऊन टाकू.”

भाऊ वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. पण बाबांना त्या झाडांतून उपटलं तर ते पुण्यात रुजणार नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, “तुला रोज सकाळी त्यांचा आवाज ऐकू आला तर? टॉवर असो नसो?”

“कसा?”

“ते माझ्यावर सोड.”

त्याने बराच विचार केला आणि अट घातली. रोज सकाळी आठ वाजता बाबांशी बोलणं झालं पाहिजे, आणि मी त्याला तसं कळवलं पाहिजे. एक सकाळ जरी चुकली तरी तो गाडी काढणार, आणि त्यानंतर कुणी काही बोलायचं नाही. मी बगीच्यात जाऊन सांगितलं तेव्हा बाबांनीही मान हलवली. सबंध बगीचा त्या एका सकाळच्या बोलण्याला टांगलेला होता.

आता खरी गंमत. परवान्याशिवाय संचावर बोलता येत नाही. म्हणजे बाबांना परीक्षा देणं भाग होतं. मला वाटलं होतं हा माणूस पुस्तक भिरकावून देईल. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “पेपर कोठी असते?”

“नागपूरला.”

“मंग वाटेत उतरून कचोरी खाता येईन.”

मी शनिवार-रविवार बगीच्यात जाऊन त्यांना शिकवायला लागले. विजेचा दाब म्हणजे काय हे मी फळा मांडून समजावत होते, तर ते म्हणाले, “म्हणजे टाकी जितकी उंच तितकं पाणी जोरात, अन पाइप बारीक असला का कमी. यात शिकवायसारखं काय हाय?” ठिबक सिंचनावर आयुष्य गेलेल्या माणसाला ओहमचा नियम मी कशाला सांगायचा? रेडिओचा आवाज वर जातो, आभाळातल्या एका थरावर आपटतो आणि दूर कुठेतरी खाली पडतो, हे मात्र त्यांना फार आवडलं. “मंग पावसात भिजत असन,” ते म्हणाले. नाही, म्हटलं, भिजत नाही. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

अडचण आली ती अक्षरांची. रेडिओवर इंग्रजी अक्षरं स्पष्ट कळावीत म्हणून प्रत्येक अक्षराला जगभर एक ठरलेला शब्द आहे. ओ म्हणजे ऑस्कर. बाबा म्हणायचे ऑरेंज. मी कितीदा दुरुस्त केलं.

“बाबा, ऑस्कर.”

“कोन हाय तो?”

“कुणी नाही. शब्द आहे नुसता.”

“मंग ऑरेंजनं काय घोडं मारलं? जगात सगळ्याईले मालूम हाय.”

परीक्षेला जाताना त्यांनी पिशवीभर संत्री घेतली. घरचा माल घेतल्याशिवाय आमच्याकडचा माणूस कुणाच्या दारात जात नाही. तिथल्या साहेबांनी हात जोडून सांगितलं की घेता येत नाही. बाबांना त्यात लाच वगैरे काही दिसलंच नाही, त्यांना दिसला पाहुणचार नाकारणारा माणूस. पेपर सोपा गेला की अवघड हे त्यांनी येताना सांगितलंच नाही. रागारागाने सगळी संत्री त्यांनी परतीच्या बसमध्ये वाटली. कंडक्टरला दोन दिली.

पास झाले! मी अकोल्यात एवढ्याने ओरडले की रुसलेली शेजारीण धावत आली आणि तिथेच आमचा अबोला मिटला. परवाना हातात पडायला मात्र महिने गेले. मधे पोलीस चौकशी असते. वरूडहून एक जमादार मोटारसायकलवर आले, बगीच्यात बाज टाकून बसले आणि म्हणाले, “काका, ह्या वयात वायरलेस कायले पायजे?”

“पोरीसंगं बोलायले,” बाबा म्हणाले.

जमादारांनी तेवढंच लिहून घेतलं. त्यांनी मात्र संत्री घेतली नाहीत, खाल्ली. तिथेच बसून, आग्रहाने.

तोवर दिवाळी आली आणि गेली. परवाना आज येईल उद्या येईल या भरवशावर भाऊ थांबला, पण रोज फोनवर आठवण द्यायला विसरला नाही. संच मी घरीच जुळवला होता, मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात. विजेचा भरवसा नाही म्हणून तो बॅटरीवर. आमच्याकडे रानडुकरं बगीच्यात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं यंत्र असतं, सौर पॅनलवरचं, त्याला सगळे झटका मशीनच म्हणतात. त्याच्याच शेजारी बाबांच्या खोलीत डबा बसवला. झटका मशीन दिवसरात्र टक, टक असं वाजत राहतं. बाबा बोलताना मागे ती टकटक ऐकू यायची. मला पहिल्यांदा वैताग आला, पण ते म्हणाले, “राहू दे. डुकराईलेही मालूम पडलं पायजे मी जागा हाय.”

अँटेनाची तार झाडाला बांधायला मी गडी बोलावणार होते. बाबांनी जुन्या विहिरीवरचं लोखंडी चाक काढलं, कडुलिंबाच्या फांदीला टांगून घेतलं आणि त्यातून नायलॉनची दोरी ओवली. खाली उभं राहून दोरी ओढली की तार वर, सैल सोडली की तार खाली. पाण्याच्या बादलीसारखी. मी माझ्या सगळ्या रेडिओवाल्या मित्रांना त्याचा फोटो पाठवला.

परवाना आला. आणि मग बटण. संचाच्या माइकला एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. दाबून ठेवलं तर आपल्याला काहीही ऐकू येत नाही, जगाला मात्र आपलं सगळं ऐकू जातं. इतकी सोपी गोष्ट. पण बाबा बटण सोडतच नव्हते. पहिल्या सकाळी ते “हां, बोल बाई” म्हणाले आणि बटण दाबूनच माझी वाट बघत बसले. मी इकडून ओरडतेय, त्यांना टकटकीशिवाय काही ऐकू जात नाहीये. शेवटी त्या शनिवारी मी तिथे जाऊन भांडले.

“बोलून झालं की सोडा ना बटण!”

“अवं, तू बोलून राहिली अन मी हात काढून घेऊ? बरं दिसते का ते?”

मग लक्षात आलं. आईचं “ठेवू ना?” आणि हे एकच होतं. आमच्या घरात आधी हात सोडायची पद्धतच नाही. मी त्यांना सांगितलं, बाबा, रेडिओवर सोडणं म्हणजे समोरच्याला बसायला पाट देणं. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून असं ठसक्यात बटण सोडायचे की मला टक्क ऐकू यायचं.

सकाळच्या त्या वेळी आम्ही दोघंच नसतो. वऱ्हाडातले, नागपूरकडचे, सातपुड्यापलीकडचे बैतुलचेही काही जण तिथेच जमतात. चांदूर रेल्वेचे एक निवृत्त रेल्वेवाले सगळ्यांना शिस्तीत एकेक करून बोलावतात. त्यांना आम्ही चांदूरवाले म्हणतो. नियम असा की आपली कॉल साइन सांगायची, आवाज कसा येतोय ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. बटण सोडायला लागल्यावर पहिल्याच दिवशी बाबांनी चांदूरवाल्यांना विचारलं, “तुमी कोनाचे? जेवण झालं का?” सकाळी आठ वाजता! चांदूरवाले करड्या शिस्तीचे गृहस्थ. तेसुद्धा म्हणाले, “पोहे झाले.” त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. आता बैतुलचे लोकसुद्धा आधी काय खाल्लं ते सांगतात आणि मग आवाजाचं बोलतात. संत्री खायला यायचं आवतण बाबांनी हवेतून इतक्या जणांना दिलंय की सगळे एका दिवशी आले तर झाडं पुरणार नाहीत.

अशा किती सकाळी गेल्या. मी रोज भावाला ‘बोलणं झालं’ एवढं कळवायची आणि तो एक अंगठा पाठवायचा.

मार्चमध्ये भाऊ अकोल्याला मित्राकडच्या लग्नाला आला होता, उतरला होता आमच्याकडे. त्या संध्याकाळी वरूड पट्ट्यात वादळ आलं आणि गारा पडल्या. मृग बहराची संत्री आधीच ट्रकमधून गेली होती, त्यामुळे झाडावर फार काही नव्हतं, पण झाडाखाली आपलं माणूस होतं. टीव्हीवर पडलेली झाडं, वाकलेले खांब दाखवत होते. बाबांचा फोन बंद. शेजारच्यांचा बंद. ज्याचा लावावा त्याचा बंद. भाऊ तिथल्या तिथे निघायला तयार झाला. रस्त्यात झाडं आडवी पडली होती, पोलीस गाड्या परत पाठवत होते. मी म्हटलं, “सकाळी आठपर्यंत थांब. ठरलंय तसं.”

“आठ म्हणजे आठ, ताई. मग मी त्यांना घेऊनच येणार.”

सकाळी तो माझ्याआधी उठला होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली. बूट घालून तो माझ्या खोलीत स्टुलावर बसला. हेडफोन काढून मी संचाचा स्पीकर लावला.

आठ वाजले. चांदूरवाल्यांनी आज पोह्यांचं विचारलं नाही. सरळ बाबांची कॉल साइन पुकारली. उत्तर नाही. पुन्हा पुकारली. बैतुलहून कुणी म्हणालं, मी ऐकतोय, मला काही येत नाही. मी पुकारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. स्पीकरमधून नुसती खरखर. भाऊ उठला. त्याने किल्ली खिशातून काढली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी त्याच्यावर ओरडले असते, आणि त्याचा काय दोष होता?

आणि तेवढ्यात खरखरीतून आलं. टक.

मग पुन्हा, टक.

“थांब,” मी म्हटलं.

“काय आहे?”

“झटका मशीन!”

टक. टक. मग एकदम, अगदी माइकला तोंड लावून, एक बाईचा आवाज. “भाऊजी, हे काय हातात देल्लं? फुटन ना माह्याच्यानं!”

आमच्या बगीच्याला लागून एका माळी कुटुंबाची वाडी आहे, मेथी-पालक आणि झेंडूची. तिथल्या या वहिनी. आईची मैत्रीण. आणि मग लांबून, अंगणातून, बाबा ओरडले, “धरून ठेवा वहिनी, सोडू नोका! खाली पडलं तर गेलं कामातून!”

वहिनींनी ते तंतोतंत पाळलं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी गच्च धरला असणार, बटणासकट. आता त्यांना आमचं काही ऐकू येणार नव्हतं, आणि आम्हाला सगळं येत होतं. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसायला लागलो. त्याने बूट घातलेले पाय वर घेतले आणि स्टुलावर मांडी घालून बसला.

“कुठे आहेत ते? झाडावर चढलेत का?” हसता हसता त्याला पुन्हा धसका बसला.

“खालून दोरी ओढतायत. ऐक.”

चाकाचा करकर आवाज येत होता. तार रात्री फांदीबरोबर खाली येऊन तुटली असावी. बाबा सांगत होते की जळालेल्या पंपाच्या मोटरमधली तांब्याची तार काढून त्यांनी ती जोडली. तार जशी वर जात होती तसा आवाज मोकळा होत होता. वहिनी म्हणाल्या, “इतकी खटपट काहून करता? पुण्याले पोराकडं जा. लिफ्टनं चढा, लिफ्टनं उतरा. पोरगा बलावून राहिला ना?”

“पोरगा चांगला हाय. भेकड हाय थोडा. लहानपणी विहिरीत डोकावायले भे. आता मले डोकावू देत नाई.”

भावाने तोंडावर हात ठेवला.

“मंग या डब्यापायी राहिले काय इथी?”

चाक थांबलं. बाबा जवळ आले असावेत, कारण पुढचं अगदी स्पष्ट आलं.

“आता तुमाले खरं सांगतो वहिनी. मले ह्या डब्याची काय गरज? मले कोनाशी बोलायचं हाय? पोरीची माय होती तवा पोरगी रोज सकाळी फोन करे. मायलेकी काय बोलत का बोलत. मंग ती गेली. अन पोरीचा फोन मले येऊन राहिला. त्याच टायमाले. मी टाकीवर चढून उचलला का पोरगी म्हणे, काही नाही बाबा, असंच. रोज असंच! आता मले तिच्या मायवानी बोलता येते का? मीबी चूप, तेबी चूप. मंग तिनं हे आणलं. ह्याच्यात कसं हाय, बोलाच लागते. एकानं बोलायचं, सोडायचं, मंग दुसऱ्यानं बोलायचं. चूप बसताच येत नाई. मी म्हटलं, हे बरं हाय. परीक्षा द्या लागते तर देऊ.”

“अन तिले वाटते का ते तुमाले सांभाळून राहिली!”

“वाटू द्या ना. सांभाळतेच हाय ते.”

मी बाबांसाठी हे सगळं केलं असं मी नवऱ्याला, भावाला, शेजारणीला, नागपूरच्या साहेबांना, सगळ्यांना सांगत फिरले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ऑस्कर की ऑरेंज करत तो माणूस माझ्यासाठी पुस्तक घेऊन बसला होता. आई गेल्यावर आठ वाजता माझं काय होतं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. चांगलं मोठ्याने. भावाने टेबलावरचं सोल्डरिंगचं फडकं मला दिलं आणि माझ्या तोंडाला काळं लागलं.

“वहिनी, हे असं दाबून काहून धरलं?” बाबांचा आवाज.

“तुमीच म्हणाले ना सोडू नोका!”

टक्क. बटण सुटलं. आणि मग कुणी शिस्त पाळली नाही. चांदूरवाले, बैतुलवाले, नागपूरवाले सगळे एकदम बोलले आणि कुणाचंच कुणाला कळलं नाही. शेवटी चांदूरवाल्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःच घसा खाकरत म्हणाले, “काका, आपला आवाज उत्तम येतोय. मघापासूनच येतोय.”

बाबा म्हणाले, “कधीपासून?”

“वहिनींनी हातात घेतल्यापासून.”

यावर बाबांनी विचारलं, “तुमचं जेवण झालं का?”

मी डोळे पुसून बोलायला लागले. गुडघा कसा आहे, छप्पर आहे का, गाईचं काय. सगळं ठीक होतं. खोलीवरचे दोन पत्रे उडाले होते, ते वहिनींच्या मुलांनी आणून दिले. मग भावाने माझ्या हातातला माइक मागितला.

“दे. मला बोलायचंय.”

“परवाना नाही तुझ्याकडे.”

“ताई, बाप आहे माझा!”

“असेल. नियम म्हणजे नियम.” मी माइक दिला नाही. घरच्यांसाठी माझ्याकडे धीर नसतो हे मी आधीच सांगितलं आहे. “काय सांगायचं ते सांग, मी सांगते.”

तो गोंधळला. पुण्याची भाषा गेली, लहानपणची आली. “त्याईले म्हण... त्याईले म्हण, मी न्यायले येऊन नाई राहिलो. पत्रे बसवायले येऊन राहिलो.”

मी तसं सांगितलं. पलीकडून आधी टकटक आली आणि मग बाबा. “त्याले म्हण, ये. अन स्वतः बोलायचं असन तर परीक्षा दे म्हण. सोपी हाय. टाकीचं अन पाइपाचं सगळं मी सांगतो.”

भावाने कपाटातून माझं जुनं पुस्तक काढलं आणि दाराशी ठेवलेल्या बॅगेत, बाबांचे कपडे आणण्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या कप्प्यात टाकलं. पुढे त्याने परीक्षा दिली, सातव्या मजल्यावरून तार सोडली आणि सोसायटीशी भांडलासुद्धा, पण ते नंतरचं.

त्या सकाळी सगळे आटोपते झाले. चांदूरवाल्यांनी निरोप घेतला, बैतुलवाले गेले. हवेत मी आणि बाबा दोघंच उरलो. रोज ते “चाल, येतो मंग” म्हणायचे आणि ठसक्यात बटण सोडायचे. त्या दिवशी मात्र म्हणाले, “ठेवू ना, बाई?”

मी म्हटलं, “ठेवा.”

ते त्यांना ऐकू गेलं नाही. मागे झटका मशीन वाजत होतं, टक, टक. त्यांनी बटण सोडलं नव्हतं.